शिंगट्यांचा लाल ठिपका

माझ्या वरच्या ओळीतला डावीकडचा एक दात खोटा आहे. डॉक्टरीणबाईंनी तो इतका बेमालूम बसवला आहे की घरची माणसं सोडली तर कुणाला पत्ता लागत नाही. खरा दात शिंगट्यांनी पाडला. भर दुपारी, माझ्याच घराच्या दारात, एका ठोशात. तुला त्यांचा राग येतो का, असं बायको अजून अधूनमधून विचारते. येतो. आणि आजवर मला ज्यांनी ज्यांनी काही शिकवलं, त्यांत शिंगट्यांइतकं कुणी शिकवलं नाही, हेही खरं आहे. दोन्ही गोष्टी माझ्या एकाच तोंडात नांदतात.

डोंबिवली पूर्वेला मानपाडा रोडवर, कारखान्यांकडे वळायच्या थोडं अलीकडे, त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, पत्र्याची टपरीच. आत छताला रिमा टांगलेल्या, भिंतीला टायर, आणि बाहेर उंबऱ्याशी रेल्वेच्या रुळाचा हातभर लांबीचा तुकडा पडलेला. रुळावर एक घण कायम आडवा ठेवलेला असे. सायकलच्या दुकानात घणाचं काय काम, हा प्रश्न प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला पडायचा आणि बहुतेकांना त्याचं उत्तर त्याच दिवशी मिळायचं.

शिंगटे बुटके, रुंद आणि जवळजवळ मान नसलेले. गाव साताऱ्याकडचं, पण तिकडे जायचे नाहीत, कारण भावांशी भांडण. शेजारच्या शिंप्याशी भांडण. पलीकडच्या झेरॉक्सवाल्याशी दिवसाआड भांडण. बोलताना इतर माणसं हातवारे करतात, शिंगटे पाना फेकायचे. शिंप्याच्या पाटीवर त्या पान्यांचे पाचसहा पोचे होते. बिचाऱ्याने एकदा हौसेने नवी पाटी करून आणली, तर शिंगट्यांनी तीही आठवड्याभरात जुनी करून दिली.

असा हा माणूस चाकाला हात लावला की गप्प व्हायचा. चाक डोलायला लागलं की त्याचे आरे कुठे ताणून, कुठे सैल करून ते पुन्हा सरळ फिरतं करावं लागतं. त्याला आउट काढणं म्हणतात. इतर मेकॅनिक चाकाकडे टक लावून आउट काढतात. शिंगटे डोळे मिटून घ्यायचे. डाव्या अंगठ्याचं नख त्यांनी मुद्दाम वाढवलेलं होतं. ते फिरत्या रिमेला टेकवून बसायचे, डोकं किंचित कललेलं, ओठ घट्ट. नख जिथे अडखळेल तिथे चाक थांबायचं. मग खिशातून बायकोच्या नेलपॉलिशची बाटली निघायची आणि त्या जागी एक लाल ठिपका पडायचा. नुसता ठिपका असेल तर दुरुस्ती. ठिपक्याभोवती गोल काढला, तर घण.

जुनी चाकं ते विकायचेही, पण त्यांच्याकडून चाक विकत घेणं हे सोपं काम नव्हतं. "हे घे. पण आधी ऐक. हिथं वेल्ड हाय. हे दोन आरे दुसऱ्या चाकातले हायेत. हब आतून घासलाय, वर्षभर जाईल, मग बोंबलत येऊ नको. पावसात ब्रेक कमी लागंल." ही यादी चालू असताना एकदा एका प्राध्यापकांनी घाईघाईने "चालेल, चालेल" म्हटलं. शिंगट्यांनी चाक परत काढून घेतलं. "चालेल म्हणजे? सांग बघू, मी काय काय सांगितलं." प्राध्यापकांना हबच्या पुढे काही आठवेना. शिंगट्यांनी त्यांची कॉलर धरली आणि तोंडी परीक्षेत नापास झालेल्या त्या सद्गृहस्थांना ढकलत ढकलत फुटपाथच्या खाली नेऊन सोडलं.

आम्ही हे किस्से एकमेकांना सांगून हसायचो. पण गोडगोड करून सांगायचा हा माणूस नव्हे, म्हणून हेही सांगून टाकतो. काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, उजव्या भुवईवर एक पांढरा व्रण होता. फेकलेला पाना प्रत्येक वेळी शिंप्याच्या पाटीवरच बसतो असं नाही. एकदा त्या डबा घेऊन आल्या असताना मी त्या व्रणाकडे बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. डबा उघडता उघडता त्या म्हणाल्या, "चाकाचा केसाएवढा तडा दिसतो ह्यांना. घरातला नाय दिसत." शिंगटे ऐकत होते. त्यांनी मान वर केली नाही, भाकरी मोडत राहिले.

माझी त्यांची ओळख झाली ती एका चाकाच्या जोडीमुळे. मी तेव्हा तिथल्याच एका कारखान्यात क्वालिटीत होतो. व्हॉल्व तपासायचे आणि सही करायची, हे माझं काम. म्हणजे दोष शोधण्याचाच पगार मी घेत होतो. कारखान्यात सायकलने जायचं खूळ डोक्यात शिरलं आणि माझ्या जुन्या सायकलला जरा बरी चाकं शोधताना मोबाईलवर घोडबंदर रोडच्या एका टॉवरमधल्या गृहस्थाची जाहिरात दिसली. अलॉयची जोडी, चकाचक. मी तिथे गेलो. त्याने मला लॉबीतल्या सोफ्यावर बसवलं, थंड पाणी मागवलं. "एकदम कंडिशन," तो म्हणाला. "महिन्यातनं एकदा येऊरच्या डोंगरात जायचो, बस्स." मी चाक फिरवलं, ते फिरलं, आणि मी खूश झालो. गेज लावल्याशिवाय एका व्हॉल्ववर सही न करणारा मी, एका ग्लासभर थंड पाण्यावर खपलो.

चाकं बसवायला शिंगट्यांकडे नेली. त्यांनी मागचं चाक घेतलं, डोळे मिटले, नख टेकवलं. अर्ध्या फेरीतच ते थांबले. रिमेवर एक चमकणारी पट्टी चिकटवलेली होती, अंधारात सायकल दिसावी म्हणून लावतात तशी. त्यांनी नखाने पट्टी सोलली. खाली पुट्टी भरून वर चंदेरी रंग दिलेला होता. पुट्टी खरवडली, तर आऱ्याच्या भोकापासून निघालेला तडा रिमेच्या काठापर्यंत गेलेला. ठिपका पडला. ठिपक्याभोवती गोल पडला.

"देताना काय म्हणाला?"

"एकदम कंडिशन म्हणाला."

मी पुढे काही बोलायच्या आत त्यांनी चाक रुळावर टाकलं आणि घण घातला. पहिल्या घावात रिम तड्यावर फुटली. दुसऱ्या घावात आरे सुटून उडाले, त्यातला एक माझ्या पोटरीत घुसला. मी ओरडतोय, "अहो काका, माझं चाक आहे ते! मला परत द्यायचंय!" आणि ते घाव घालतच राहिले, रिमेचे तुकडे होईपर्यंत, घामाने निथळत, दात विचकून. तेव्हाचा त्यांचा चेहरा पाहून मला खरोखर भीती वाटली. चाकाच्या जागी माणूस असता तरी त्यांचा हात थांबला नसता असं वाटलं.

"आता दे परत," ते म्हणाले. "बघू कोण बसतंय ह्याच्यावर."

मग त्यांनी पुढचं चाक उचललं. नख फिरलं, एका आऱ्याच्या भोकापाशी ठिपका पडला. ते गोल काढणार एवढ्यात मी चाक त्यांच्या हातातून हिसकावलं आणि छातीशी धरून पळत सुटलो. पोटरीतून रक्त गळतंय, मागून पाना येतोय आणि क्वालिटीतला साहेब चाक घेऊन मानपाडा रोडने धावतोय. झेरॉक्सवाला ही गोष्ट पुढे कितीतरी दिवस अभिनयासकट करून दाखवत असे.

पुढच्या रविवारी सकाळी शिंगटे पत्ता काढत माझ्या दारात हजर. हातात गोणपाटाची पिशवी, पिशवीत चाकाचे तुकडे.

"चल रे क्वालिटी. तो माणूस दाखव." हे नाव त्यांनी मला तेव्हा ठेवलं आणि शेवटपर्यंत बदललं नाही. बूट घालत होतो तेव्हा त्यांनी विचारलं, "ते दुसरं चाक कुठाय?"

"भंगारात दिलं."

"तोडून?"

"तोडून."

चाक आतल्या खोलीत, पलंगाखाली होतं.

टॉवरमधला गृहस्थ अर्ध्या चड्डीत खाली आला. शिंगट्यांनी पिशवी लॉबीतल्या संगमरवरावर उपडी केली. तो म्हणाला, "हे बघा काका, यूज्ड आयटम आहे. ह्यांनी बघून घेतलाय. रिटर्न नाही."

"परत कोण देतंय? तुला ठाऊक होतं का, तेवढं सांग."

"मला काय माहीत? मी मेकॅनिक आहे का?"

"मग पट्टीखाली पुट्टी कुणी भरली?"

तो हसला. फार नाही, ओठाच्या एका कोपऱ्यातून. शिंगट्यांनी रिमेचा एक वाकडा तुकडा उचलला, त्याच्या मानेत अडकवला आणि त्याला ओढत खांबाभोवती फिरवलं. खांबावर त्याचं नाक आपटलं. संगमरवरावर रक्ताचे थेंब पडत गेले. दोन वॉचमन धावत आले आणि त्यांनी शिंगट्यांच्या पाठीवर काठ्या घातल्या. एक काठी तोंडावर बसली, ओठ फुटला. पण हातातला तुकडा सुटला नाही आणि तोंडातला प्रश्नही सुटला नाही. "ठाऊक होतं का? ठाऊक होतं का?" मी मध्ये पडलो की नाही, असं विचाराल तर नाही पडलो. एका कुंडीमागे उभा होतो. शेवटी तो माणूस किंचाळला, "होतं! होतं ठाऊक!"

त्याबरोबर शिंगट्यांनी त्याला सोडलं. एकदम, नळ बंद केल्यासारखं. वाकून सगळे तुकडे पिशवीत भरले आणि मला म्हणाले, "चल." त्याच्याकडे त्यांनी दुसरं काही मागितलं नाही.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले होते, ओठाला रुमाल लावून. घोडबंदर रोडची नेहमीची कोंडी होती, बस जागची हलत नव्हती. तेव्हा ते आपण होऊन बोलले. वागळे इस्टेटमध्ये मोठमोठ्या पंख्यांचा एक कारखाना होता. तिथे ते पंख्यांची चाकं बॅलन्स करायचे. नखाची सवय तिथलीच.

"एका चाकाला तडा होता. मी लाल खूण केली, बाजूला ठेवलं. माल जायची घाई होती. कुणीतरी खूण पुसली. कापडानं, बस. चाक टेस्टिंगला लागलं. टेस्टिंगला माझा जोडीदार, नामदेव. एका ताटात जेवायचो. चाक फुटलं आणि पातं त्याच्या गळ्यातनं गेलं. मी त्याचं डोकं मांडीवर धरून बसलेलो. धरलं नसतं तर राहिलं नसतं."

मी विचारलं, "पुसली कुणी?"

"कोणच बोललं नाय. खात्यात सगळी तीच माणसं होती, रोजची. आजपर्यंत कोण बोललं नाय." मग मांडीवरची पिशवी हलवून म्हणाले, "खूण पुसता येते क्वालिटी. तुकडे पुसता येत नायत."

हे सगळं मी ऐकलं होतं. त्यांच्या शेजारी बसून, त्यांच्या तोंडून. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे मी जे केलं ते न कळून केलेलं नव्हतं.

महिनाभराने मी पलंगाखालचं चाक बाहेर काढलं. तडा बारीक आहे, असं स्वतःला सांगितलं. शिंगट्यांना सगळीकडे तडेच दिसतात, असंही सांगितलं. खरं कारण एवढंच की मी फसलो होतो आणि ते मला कुणाच्या तरी गळ्यात मारायचं होतं. फसलेल्या माणसाचा राग जगावर असतो, आणि जग म्हणजे जो पुढे येईल तो. बायकोचं नेलपॉलिश काढायचं पाणी घेतलं, कापसाचा बोळा घेतला. ठिपका पुसायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. त्या जागेवर मी एक चमकणारी पट्टी चिकटवली आणि मोबाईलवर जाहिरात टाकली.

चाक घ्यायला रंजना गायकवाड नावाच्या बाई आल्या. पस्तिशीच्या, सागावच्या चाळीत राहणाऱ्या. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांचं सगळं करायचं, हा त्यांचा व्यवसाय. चाक हातात घेऊन त्या म्हणाल्या, "दादा, चांगलंय ना? मला दिवसात चार घरं करायची असतात. वेळेत नाय पोचले तर ती माणसं तशीच पडून राहतात ओ."

"एकदम कंडिशन," मी म्हणालो. मी त्यांना थंड पाणीही दिलं.

त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी, एका सुट्टीच्या दुपारी, बेल वाजली. दारात शिंगटे. हातात मध्येच दुमडलेलं चाक, रंजनाबाईंच्या घरच्यांनी दुरुस्तीला त्यांच्याकडे टाकलेलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही, पाना फेकला नाही. चाक माझ्या डोळ्यांपुढे धरलं आणि एका आऱ्याच्या भोकावर नख ठेवलं. पट्टी सोललेली होती. भोकाच्या आतल्या कडेला, बोळा पोचला नव्हता तिथे, मोहरीच्या दाण्याएवढा लाल रंग उरला होता.

"ठाऊक होतं का?"

"काका, तडा अगदी बारीक..."

वाक्य पुरं झालं नाही. मी भिंतीवर आपटलो. तोंड गरम झालं, मग खारट. आतून बायको किंचाळत आली. माझा दात पायपुसण्यावर पडला होता. शिंगट्यांनी तो वाकून उचलला, माझ्या शर्टाच्या खिशात घातला आणि माझी कॉलर धरली.

"चल. तिला सांग."

तीन मजले त्यांनी मला कॉलर धरून उतरवलं. दारं उघडत होती, माणसं बघत होती. सागावपर्यंत आम्ही असेच चालत गेलो, मी रक्त थुंकत आणि ते एका हातात माझी कॉलर, दुसऱ्या हातात ते चाक धरून. पोलिसांना बोलवा, असं ओरडावंसं मला एकदाही वाटलं नाही. पोलीस आले असते तर त्यांनी आधी 'का' असं विचारलं असतं.

रंजनाबाई खाटेवर बसल्या होत्या. मनगटाला प्लास्टर, हनुवटीला टाके. खड्ड्यात पुढचं चाक दुमडलं आणि त्या रस्त्यावर फेकल्या गेल्या. मागून केमिकलचा टँकर येत होता. त्याचं चाक त्यांच्या ओढणीवर येऊन थांबलं. ओढणी खुंटीला टांगलेली होती, तिच्यावर टायरचा काळा पट्टा तसाच होता.

"सांग," शिंगटे म्हणाले.

मी सांगितलं. ठिपका होता, मी पुसला, पट्टी लावली, मला ठाऊक होतं. फुटक्या तोंडाने शब्द नीट येत नव्हते, तर शिंगट्यांनी मानगूट दाबून मला परत सांगायला लावलं. रंजनाबाईंनी एकदा खुंटीवरच्या ओढणीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मला वाटत होतं माझंच चुकलं. खड्डा दिसला कसा नाय मला, म्हणून मी इतके दिवस स्वतःला शिव्या घालतेय. घरात सगळे मलाच बोलतायत." त्यांचा आवाज चढत गेला. त्यांनी धड असलेल्या हाताने ते दुमडलेलं चाक उचललं आणि माझ्या अंगावर फेकलं. ते माझ्या खांद्याला लागून दारावर आदळलं. "घेऊन जा हे! निघा दोघं माझ्या घरातनं!"

ठोशाचा मार मला आज आठवतो तो दातापुरता. त्या बाई आपल्याच डोळ्यांना दोष देत बसल्या होत्या, ते मात्र अजून सहन होत नाही.

बाहेर आल्यावर शिंगटे म्हणाले, "रविवारी ये दुकानावर. पगार क्वालिटीचा खातोस आणि डोळे घरी ठेवतोस." बायकोने मला वेड्यात काढलं, पण मी गेलो. आणि पुढे दोनतीन वर्षं जात राहिलो. अंगठ्याचं नख वाढवलं. डोळे मिटून रिमेवर ते फिरवायला शिकलो. एखादा तडा नखातून सुटला की पंपाची रबरी नळी हातावर बसायची, आणि वळ दोन दिवस राहायचे. रंजनाबाईंना त्यांनी दुकानातलं एक चाक दिलं, सगळे दोष ऐकवून. बाई काही प्राध्यापक नव्हत्या. त्यांनी पहिल्या फटक्यात सगळी यादी परत म्हणून दाखवली. हळूहळू त्या माझ्याशीही बोलायला लागल्या, जेवढ्यास तेवढं.

शिंगट्यांची स्वतःची एक सायकल होती. तिची चाकं त्यांनी नवे सुटे भाग आणून स्वतः बांधलेली. "बघ शोधून," ते मला डिवचायचे. "शिंगट्याच्या चाकाला ठिपका नाय." ती फिरताना खरंच आवाज करत नसत.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते दुकान मोडायच्या दिवशी. मेट्रोच्या खांबांसाठी रस्त्याकडेच्या टपऱ्या हटवायच्या होत्या. शिंपी गेला, झेरॉक्सवाला गेला. साखरेने तोवर शिंगट्यांचे डोळे नेले होते, समोरचा माणूस नुसता सावलीसारखा दिसायचा. त्याहून वाईट म्हणजे बोटं बधिर झाली होती. नख होतं, पण ते आता काही सांगत नव्हतं. भंगारवाला सगळ्या रिमा उचलायला तयार होता, पण तो त्या रंगवून विकणार हे शिंगट्यांना माहीत होतं. त्यांनी मला बोलावलं. मी एकेक रिम तपासायची, तडा असेल ती फोडायची, धड असेल ती ओळखीच्या मेकॅनिकांकडे जाणार.

सकाळपासून मी घण चालवत होतो. ते स्टुलावर बसून ऐकत होते. घाव नीट बसला नाही तर त्यांना आवाजावरून कळायचं. "परत मार. वाकली नुसती." दुपारपर्यंत माझे तळवे फुटले आणि घणाच्या दांड्याला रक्त लागलं. शेवटी त्यांनी आपल्या सायकलचं पुढचं चाक माझ्याकडे सरकवलं.

"हे रंजनाला. मी आता कुठं चालवणार? चारला येईल ती न्यायला. ह्याला काय नाय. तरी एकदा नख लाव आपलं."

मी डोळे मिटले. चाक फिरलं, नेहमीसारखं, बिनआवाजाचं. व्हॉल्वच्या भोकापाशी नख अडखळलं. पुन्हा फिरवलं. पुन्हा अडखळलं. डोळे उघडून पाहिलं तर केसासारखी एक रेघ, माझ्या नखाएवढी लांब.

समोर शिंगटे गुडघ्यांवर हात ठेवून बसलेले, चेहरा माझ्या दिशेला. त्यांना दिसत नव्हतं. त्यांच्या बोटांना कळणार नव्हतं. मी काही बोललो नसतो तर हा माणूस स्वतःच्या चाकाचा अभिमान घेऊन सुखाने घरी गेला असता. माझी जीभ त्या खोट्या दातावर गेली.

"काका, तडा आहे."

ते उठले. चाचपडत आले आणि त्यांनी माझा जबडा पंज्यात धरला. हाडं कचकन दाबली गेली. मी डोळे मिटून घेतले, आता दुसरा दात जाणार म्हणून. ते तसेच धरून उभे राहिले, श्वास नाकातून जोरात चाललेला. मग हात सुटला.

"कुठं?"

"व्हॉल्वपाशी. काठापर्यंत नाही गेलेला."

त्यांनी खिशातून नेलपॉलिशची बाटली काढून माझ्या हातात दिली. मी ठिपका लावला.

"गोल काढ."

मी गोल काढला.

"मार."

तिसऱ्या घावाला रिम फुटली. आरे सुटून पत्र्यावर वाजले. ते कान देऊन ऐकत होते.

"कुठनं फुटली?"

"ठिपक्यावरून."

ते स्टुलावर जाऊन बसले. मग म्हणाले, "रंजना आली की सांग, चाक नाय मिळणार."

"सांगतो."

"का नाय, ते पण सांग. शिंगट्याचं होतं, आणि शिंगट्याला कळलं नाय, असं सांग."

मी घण रुळावर आडवा ठेवला आणि त्यांच्या शेजारी तुकड्यांत जाऊन बसलो. चार वाजायला अजून थोडा वेळ होता.